परसातलं खोकड

माझे सासरे कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी खाकरायचे. दोनदा कोरडं, मग जरा थांबून आणखी एकदा. लग्न होऊन मी कोल्हापूरकडच्या त्या घरात गेले तेव्हा मला त्याचा संताप यायचा. मी पुण्यात, मोठमोठ्याने बोलणाऱ्या माणसांत वाढलेली, आणि मूळची चिडकी. स्वतःच्याच घरात शिरायला कसली वर्दी द्यायची? पुढे कळलं की ती वर्दी माझ्यासाठी होती. सून स्वयंपाकघरात असेल, गाऊनवर असेल, कपाटात डोकं खुपसून बसली असेल, तिला सावरायला वेळ मिळावा. खाकरणं ऐकलं की मी ओट्यापासून बाजूला व्हायचे, ते तांब्या भरून घ्यायचे आणि जायचे. वर्षानुवर्षं आमच्यात एवढंच बोलणं होतं, आणि आम्हा दोघांना ते पुरायचं.

तेच खाकरणं मी मार्चमधल्या एका सकाळी आयर्लंडमध्ये, पोर्टलीश गावाबाहेरच्या आमच्या घरात ऐकलं. मी डबा भरत होते. मागच्या भिंतीपलीकडून आलं, दोनदा, मग एकदा. माझे हात थांबले आणि मी ओट्यापासून बाजूला झाले. सासऱ्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. अंगावर सर्रकन काटा आला आणि लगेच स्वतःचाच राग आला. मी एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासते. भुताखेतांवर विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही.

वळून बघते तर दारात आई उभ्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या.

"तूबी ऐकलीस न्हवं?"

"कोल्हा आहे हो आई. इथले कोल्हे भुंकतात तसे."

"कोल्हा कसला? खोकड म्हणायचं त्याला. खोकतंय म्हणून खोकड." मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "पर खोकडाला ह्यांचं खाकरणं कुणी शिकवलं?"

मी डब्याचं झाकण जोरात लावलं आणि कामाला निघून गेले.

हे जरा मागून सांगायला हवं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मुलाचं आयर्लंडमधलं घर बघायचं होतं. ते एसटीत कंडक्टर होते. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, आता माझं तिकीट काढा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, जाड स्वेटर आणलं, आणि एका पहाटे ते झोपेतच गेले. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. माझ्या नवऱ्याने हात जोडून सगळं बोलून बघितलं. आईला सांभाळतो, बहिणीला अंतर देत नाही, काय काय. कावळे झाडावर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तशी मंडळी कंटाळली, भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि सगळे आंघोळीला गेले.

आई मात्र त्या घाटावरच अडकल्या. खरा कावळा शिवला नाही म्हणजे माणूस सुटला नाही, कुठेतरी उपाशी उभा आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. झोप उडाली, जेवण तुटलं. गोळ्या झाल्या, अंगारे झाले. बाई कणाकणाने खंगत चालल्या तेव्हा आम्ही त्यांना हवापालट म्हणून इकडे आणलं. त्या खाकरण्याच्या सकाळनंतर थोड्याच दिवसांत वर्षश्राद्ध आलं, इथेच. आईंनी मागच्या भिंतीवर भात, आमटी, भाकरी असं पान ठेवलं आणि पाठ फिरवून आत आल्या. पितरांना वाढलेल्या पानाकडे बघत बसायचं नाही, असं त्यांच्याकडे आहे. इथले कावळे एरवी कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतात, त्या दिवशी एक फिरकला नाही. संध्याकाळी मी पडदा ओढायला गेले तर भिंतीवर एक भिजलेला कोल्हा उभा, आणि भाकरी त्याच्या तोंडात.

माझी जीभ कधी गप्प बसते? "आई, तुमचं पान कोल्ह्याने पळवलं," मी म्हटलं.

आई खुर्चीत बसल्या आणि मोठ्याने रडल्या. वर्षभरात मी त्यांना अशा रडताना पाहिलं नव्हतं. "आलं गं माणूस," म्हणाल्या. "घर बघायचं हुतं, बघायला आलं." त्या रात्री त्या सकाळपर्यंत गाढ झोपल्या. नवरा मला म्हणाला, राहू दे, काही बोलू नकोस. मला तरी काय बोलायचं होतं? गोळ्यांनी जे झालं नाही ते एका कोल्ह्याने केलं होतं.

मग रोज पहाटे भाकरी. आई दार उघडायच्या, भिंतीवर ताटली ठेवायच्या, "अहो, वाढलंय, या," म्हणायच्या आणि पाठ फिरवायच्या. ओट्याशी येऊन मला सांगायच्या, "मी वाढून आलो गं." त्यांच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. सुरुवातीला मला हसू यायचं. आता त्या स्वतः ताटावर बसायला लागल्या होत्या, दोन घास जास्त मागायला लागल्या होत्या. गालावर मांस आलं. खाकरणं मात्र मला रोज ऐकू यायचं, आणि रोज, कितीही ठरवलं तरी, मी ओट्यापासून बाजूला व्हायचे.

आमच्या भिंतीपलीकडचं कुरण शेजाऱ्याचं. सत्तरीचा, एकटा राहणारा मेंढरंवाला. कशालाही 'ग्रँड', म्हणजे झकास, एवढंच म्हणणारा, पण घर बांधताना आमची गाडी चिखलात रुतली तेव्हा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आलेला. त्याच्या पायाशी कायम एक पांढुरकी, खरखरीत केसांची, फाटक्या कानाची टेरियर कुत्री असायची. कुणी लाडाने हात लावलेला तिला चालत नसे. आई तिला लांबूनच हाड म्हणायच्या आणि ती ढिम्म हलायची नाही. ती कामाची कुत्री होती. वास काढायचा, बिळात शिरायचं, आत जे असेल त्याला बाहेर काढायचं, एवढं तिचं आयुष्य.

एक दिवस मी कामावरून आले तर आईंचा चेहरा नुसता फुललेला.

"मेंढरंवाल्यालाबी कळलंय," म्हणाल्या.

"काय कळलंय?"

"हेच की. सकाळी भिंतीपल्याड उभा हुता. मला म्हणाला, युवर मॅन आला हुता न्हाष्ट्याला. युवर मॅन! तुमचा माणूस! मी सांगितलं न्हाई काय न्हाई, त्येला आपनच कळलं."

कप्पाळ माझं! इथे कुणालाही युवर मॅन म्हणतात. आपण 'तो बाबा' म्हणतो ना, तसं. नळ दुरुस्त करणारा युवर मॅन, टीव्हीवर बातम्या देणारा युवर मॅन, कोल्हासुद्धा युवर मॅन. मी आईंना हे चांगलं बसून समजावलं. नळवाल्याचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नळवाला कुणाचातरी माणूस असंलच की." मी हात टेकले.

एप्रिल लागला आणि कोकरं मरायला लागली. रात्री जन्मलेलं सकाळी गायब, कधी कुंपणाशी नुसता पाय. शेजाऱ्याने सगळं करून बघितलं. तो पालथा हात ओठांना लावून जखमी सशासारखा आवाज काढतो, तो ऐकून कोल्हे बंदुकीसमोर येतात. हा येईना. कुत्रीने माग काढला तर तो आमच्या रस्त्यापाशी पावसात हरवायचा. एका सकाळी कुंपणाशी शेजारी मला दिसला. हातात मेलेलं कोकरू होतं, लोकरीच्या ओल्या मोज्यासारखं. ती मेंढी त्याच्या मागेमागे ओरडत येत होती. तो तिला काहीतरी हळू आवाजात सांगत होता, माणसाला सांगावं तसं. मला कोल्ह्याचा राग आला, आईंचा आला, त्या भाकऱ्यांचा आला. आणि भीती वाटली. कारण आता हे कुठे जाणार हे मला दिसायला लागलं होतं.

रविवारी दुपारी शेजारी आमच्या दारात आला, टोपी हातात. कुत्री पायरीखाली बसली. तो थेट आईंशी बोलला, मी मध्ये उभी राहून सांगत गेले. म्हणाला, तुमच्या घरात शिरून काही करायचं मला बरं वाटत नाही. पण तो तुमच्याकडेच येतो, तुमच्याच हाकेला येतो. परवानगी द्याल तर मी तुमच्या परसात उभा राहीन. नाही म्हणालात तर परत विषय काढणार नाही. पण माझी कोकरं राहणार नाहीत.

माझा जीव टांगणीला लागला. आईंनी नाही म्हटलं तर हा म्हातारा बुडतो. हो म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नवरा दुसऱ्यांदा जाणार, आणि मग कसली झोप आणि कसलं जेवण! नवरा भिंतीकडे बघत बसला. त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हतीच.

आईंनी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या माणसाला हात लावायच्या आदी मला इचारायला आला. असं कोण इचारतंय?" मग पदर सारखा करून मला म्हणाल्या, "सांग त्येला. ये म्हणावं. दुसऱ्याची लेकरं खायाची म्हंजे न्हाई बरं. ह्यांनाबी ते पटायचं न्हाई. पर एक सांग. ताटावरनं उठवायचं न्हाई. जेवल्यावर काय करायचं ते कर म्हणावं."

मी ते सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटली, कोल्ह्याला जेवू दे म्हणून बंदुकवाल्याला सांगायचं. पण शेजारी हसला नाही. त्याच्या मोठ्या शेताच्या मधोमध काटेरी झाडांचं एक कडं आहे, तसल्या जागा इथे अदृश्य लोकांच्या मानतात. तिथे तो नांगर घालत नाही, त्याच्या बापानेही घातला नाही. का, असं विचारलं तर विषय बदलतो. त्याने आईंना मान लववली. फक्त एवढंच म्हणाला, ताटली भिंतीवर नको, खाली गवतात ठेवा, नाहीतर छर्रे रस्त्यावर जातील.

दुसऱ्या दिवशीची पहाट उजाडत होती. शेजारी आमच्या कोळशाच्या खोपट्याच्या आडोशाला बंदूक घेऊन उभा. कुत्री त्याच्या बुटाशी दोरीला, अंगाला बारीक कंप, तोंडातून आवाज नाही. आईंनी त्या दिवशी नुसती भाकरी केली नव्हती. भात, आमटी, वरून तूप, सगळं साग्रसंगीत. ताटली गवतात ठेवली. "अहो," म्हणाल्या, आणि ताटली जरा सरळ केली. मग स्वयंपाकघरात आल्या, आणि पहिल्यांदाच पाठ न फिरवता खिडकीशी उभ्या राहिल्या. ठरलं असं होतं की जेवण झालं की त्यांनी खिडकीवर टकटक करायची.

कोल्हा आला. भिंतीवरून अलगद उतरला. जवळून किती लहान होता! पोट आत गेलेलं, पाठीवरचे केस झडलेले. त्याने भात हुंगला आणि सोडला. आमटीला तोंड लावलं नाही. भाकरी उचलली, खाली ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली आणि दोन्ही एकदम तोंडात धरायची खटपट करत राहिला.

"खाईना की," आई पुटपुटल्या. मग एकदम माझा हात घट्ट धरला. "घरला न्यायलंय गं! ह्यांनी कदी भाईर एकट्यानं खाल्लंय? लग्नातला लाडूसुदिक रुमालात बांदून आणायचे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. हात खिडकीकडे गेलाच नाही. कोल्हा दोन भाकऱ्या तोंडात धरून भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला.

गोळी सुटली नाही. शेजाऱ्याने शब्द पाळला. जेवण झालंच नव्हतं. मी सुटकेचा नि:श्वास टाकला, खरंच टाकला. वाटलं, गेला बिचारा, सुटलो सगळे. तेवढ्यात शेजारी आडोशातून बाहेर आला, खिडकीकडे बघून मान हलवली आणि खाली वाकून कुत्रीच्या गळ्यातली दोरी सोडली.

तोंड भरून निघालेला कोल्हा आडवातिडवा फिरत नाही, सरळ घरी जातो. हे शेजाऱ्याला माहीत होतं, कुत्रीला माहीत होतं. आम्हाला नव्हतं. ती नाक जमिनीला लावून ओल्या गवतातून अशी गेली की जणू कुणी रस्ता आखून दिला होता. तो लांब ढांगा टाकत तिच्या मागे गेला.

आई खिडकी सोडेनात. मी चहा केला, तो गार झाला. मग लांबून, कुरणाच्या टोकाला एक मोठं झाड उन्मळून पडलंय त्या बाजूने, एक बार ऐकू आला. जरा वेळाने आणखी एक. त्यानंतर कुत्रीचं भुंकणं, मातीतून आल्यासारखं, दबलेलं. मी तिला त्याआधी कधी भुंकताना ऐकलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा टोपी पुन्हा हातात होती. कुत्रीच्या तोंडाला माती होती, आणि माती नसलेलंही काही. तो आईंना म्हणाला, "युवर मॅन वॉज अ लेडी." त्या पडलेल्या झाडाच्या मुळांखाली बीळ होतं. बिळात कोकरांची हाडं होती आणि तुमच्या त्या गोल पोळ्या होत्या, कितीतरी, कडा कुरतडलेल्या. पिल्लांचं काय केलं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काय म्हणतोय त्यो?" आईंनी विचारलं.

खोटं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला खोटं नीट सांगता येत नाही. "मादी होती म्हणतोय, आई. लेकुरवाळी."

आईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "बाईमाणूस हुती," म्हणाल्या. "आणि मी तिला अहो म्हणत हुतो." हात जोडल्यासारखे पोटाशी धरले. "मी ताटावरनं उठवू नका म्हणालो. मीच तिचं घर दाखवलं की गं." मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, "मग हे कुटं हायत?"

शेजाऱ्याला शब्द कळले नव्हते, पण तो पुढे झाला आणि आईंचा हात हातात घेऊन हलकेच हलवला. "सॉरी फॉर युवर ट्रबल," म्हणाला. इथे मयताच्या घरी जाऊन हेच म्हणतात. तो गेल्यावर आई वर गेल्या आणि डोक्यावरून आंघोळ करून आल्या. त्या दिवशी चूल पेटवू नकोस म्हणाल्या. आम्ही ब्रेड खाल्ला.

पुन्हा सगळं पहिल्यासारखं होणार, हे मी धरूनच चालले होते. त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा जळत होता. सकाळी मी डबा भरायला उतरले. नुकतं कुठे फटफटलं होतं. ओट्यावर आदल्या दिवशीची उरलेली भाकरी होती. आणि भिंतीपलीकडून खाकरणं आलं.

दोनदा. मग जरा थांबून आणखी एकदा.

मी ओट्याला घट्ट धरून उभी राहिले, बाजूला झाले नाही. कोल्ही मेली होती. मग हे कोण? डोकं मला सांगत होतं की जोडीला नर असतोच, तो आता तिला शोधत फिरतोय. डोकं बरोबर होतं. तेवढ्यात पुन्हा आलं, या वेळी आणखी जवळून, आणि मी बाजूला झाले.

आई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. केस मोकळे, शाल खांद्यावर. घाबरल्या नव्हत्या. भाकरीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बायकूला हाका मारतोय," म्हणाल्या.

बाजारला जाताना, लग्नाला जाताना बाबा नेहमी पुढे निघायचे. दहा पावलं गेले की थांबायचे आणि वळून न बघता खाकरायचे. मग आई घरातून, हातातलं काम न टाकता, जे ओरडून सांगायच्या ते मी त्या घरात शेकडो वेळा ऐकलं होतं.

आईंनी दार उघडलं. गार वारा आत आला. परसात काही दिसत नव्हतं, नुसती भिंत आणि तिच्यावरचं धुकं. उंबऱ्याच्या आतच उभ्या राहून त्या भिंतीकडे बघत, नेहमीच्या आवाजात, जरा वैतागून म्हणाल्या, "अहो, किती खाकरताय? जावा की तुमी फुडं. घर बघून झालं न्हवं? जावा. मी येतो मागनं."

मग दार लावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "भूक लागली गं. कायतरी दे."